टेन्सच्या प्रश्नात पूर्ण गुण, कादंबरीच्या उत्तरात मात्र काळ घसरतो: काय बिघडतं आणि कसं दुरुस्त करायचं

दर प्रिलिमनंतर हीच तक्रार येते. मुलगी ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’मध्ये एकही गुण सोडत नाही, बारा काळांचा तक्ता झोपेतून उठवून विचारला तरी सांगते, आणि तिच्याच पेपरात कादंबरीच्या उत्तराखाली लाल रेघांची रांग लागलेली असते. पहिलं वाक्य वर्तमानात, तिसरं भूतात, पाचव्यात कुठून तरी ‘हॅड’ आलेलं, शेवटचं पुन्हा वर्तमानात. पालक म्हणतात, टेन्स परत एकदा पक्के करून घ्या. शिक्षकही तेच करतात. तोच तक्ता पुन्हा फळ्यावर येतो, रिकाम्या जागा भरून घेतल्या जातात, त्यात सगळं बरोबर येतं. पुढच्या सराव पेपरात पुन्हा त्याच जागी त्याच रेघा.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. माझ्याकडची बरीच मुलं कळवा, विटावा, दिघा, ऐरोली इथून येतात आणि दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली असतात. त्यांच्या वह्या वाचून माझं एक ठाम मत झालं आहे. हा बिघाड बहुतेक वेळा टेन्सच्या ज्ञानाचा नसतो. उत्तरातलं विश्लेषण संपून जिथे गोष्ट सुरू होते, नेमका तिथे काळ घसरतो. म्हणून तक्ता कितीही घोटला तरी फरक पडत नाही. ज्या जागी बिघाड आहे तिथे तक्ता पोहोचतच नाही.

बारावीच्या 80 गुणांच्या कृतिपत्रिकेत कादंबरी विभागाला 16 गुण आहेत आणि उत्तरं साधारण 50 शब्दांची मागतात. एवढ्या लहान उत्तरात काळ तीनदा बदलला तर तपासणाऱ्याच्या डोळ्यांत तो लगेच भरतो. त्याहून मोठं नुकसान मला वेगळं वाटतं: मुलाला कादंबरीबद्दल खरोखर काही म्हणायचं असतं आणि ते गोष्टीच्या गर्दीत हरवून जातं.

आधी क्रियापदं समासात उतरवा

उत्तर हातात आलं की लाल पेन लगेच चालवू नका. मुलालाच त्याच्या उत्तरातली क्रियापदं समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या मोकळ्या जागेत, एकाखाली एक लिहायला लावा. फक्त क्रियापदं. 50 शब्दांत सात-आठ निघतात, दोन मिनिटांचं काम आहे.

एक नमुना घेऊ. उत्तर मी बेतलेलं आहे, पण त्याचं वळण वह्यांमधलंच आहे. 2020 साली आलेल्या बारावीच्या इंग्रजी युवकभारती या पाठ्यपुस्तकात आर्थर कॉनन डॉयलच्या ‘द साइन ऑफ फोर’ या शेरलॉक होम्सच्या कादंबरीचा भाग आहे. प्रश्न असा समजा: मेरी मॉर्स्टन कशा स्वभावाची आहे?

‘मेरी मॉर्स्टन इज अ ब्रेव्ह यंग वुमन. शी कम्स टू होम्स विथ अ प्रॉब्लेम. हर फादर हॅड डिसअपिअर्ड इन 1878. शी वॉज गेटिंग अ पर्ल एव्हरी इयर. वन डे शी गॉट अ लेटर. होम्स अ‍ॅन्ड वॉटसन वेन्ट विथ हर. शी इज नॉट ग्रीडी.’

समासातली रांग अशी दिसते: इज, कम्स, हॅड डिसअपिअर्ड, वॉज गेटिंग, गॉट, वेन्ट, इज.

इथे नियम सांगायचा मोह आवरा. मुलाला एवढंच विचारा, प्रश्नात काय विचारलं होतं? मेरी कशी आहे. मग तुझ्या कुठल्या वाक्यांनी त्याचं उत्तर दिलं? तो स्वतःच पहिल्या आणि शेवटच्या वाक्यावर बोट ठेवतो. मधली सगळी वाक्यं गोष्ट पुढे नेतात. सुरुवातीचं ‘कम्स’ कसंबसं टिकलं, आणि गोष्टीने वेग घेताच वर्तमान सुटला. ही जागा मुलाने स्वतः पाहिली की पुढचं निम्मं काम होतं, कारण चूक कोणत्या शब्दात आहे याच्याऐवजी ती कोणत्या क्षणी झाली हे त्याला कळतं.

गोष्ट सांगताना काळ का सुटतो, याचं मूळ मराठीत आहे आणि त्यात मराठीचा काही दोष नाही. आपण तोंडी गोष्ट कशी सांगतो? ‘राजा शिकारीला गेला. रानात शिरतो, बघतो तर काय, समोर वाघ! राजाने बाण काढला…’ गेला, शिरतो, बघतो, काढला. मराठी कानाला यात काहीच खटकत नाही. उलट त्या ‘बघतो तर काय’मुळे गोष्टीत जीव येतो. मूल हीच लय इंग्रजीत नेतं. इंग्रजीतही गप्पांमध्ये असं चालतं, पण परीक्षेच्या लेखी उत्तरात ती चूक ठरते.

प्रसंग मताला बांधा

दुरुस्ती करताना मी एकच अट घालते: उत्तरात नुसता प्रसंग एकट्याने उभा राहता कामा नये, तो कुठल्या तरी मताचा पुरावा म्हणूनच यायला हवा. मेरी धीट आहे ना? मग कशावरून, ते त्याच वाक्यात सांग.

‘मेरी इज ब्रेव्ह. शी एग्रीज टू मीट अ स्ट्रेंजर अ‍ॅट नाइट बिकॉज हिज लेटर प्रॉमिसेस हर जस्टिस. शी इज नॉट ग्रीडी. व्हेन द ट्रेझर इज लॉस्ट, शी रिमेन्स काम.’

काही प्रसंग गळले आहेत, खजिन्याचा एक नवा आला आहे. पण प्रत्येक प्रसंग ‘बिकॉज’ किंवा ‘व्हेन’ लावून मताशी जोडला आहे, आणि त्यामुळे क्रियापदं आपोआप वर्तमानात राहिली आहेत. ‘काळ सांभाळ’ असं मी मुलाला एकदाही सांगितलेलं नाही. हे पुन्हा पुन्हा दिसतं, आणि म्हणूनच मला तक्त्यापेक्षा हा रस्ता भरवशाचा वाटतो. मत घट्ट धरलं की काळ टिकतो.

ही अट पहिल्या आठवड्यात मुलांना जाचते. ‘मॅडम, मग स्टोरी कुठे लिहायची?’ असं विचारतात. त्यांना सांगावं लागतं की तपासणाऱ्याने कादंबरी वाचलेली आहे, त्याला तुझं म्हणणं वाचायचं आहे.

हे त्यांना मराठीच्या पेपरात येतंच

‘पुस्तक 1890 सालचं, घडलेलं सगळं त्याच्याही आधीचं, मग वर्तमानकाळ कसा?’ हा प्रश्न हुशार मुलं विचारतातच, आणि तो रास्त आहे. ‘इंग्रजीत तशी पद्धत आहे’ एवढ्यावर तो मिटवू नका. पद्धत म्हणून पाठ केलेली गोष्ट पेपरच्या घाईत टिकत नाही.

त्यांना त्यांचीच मराठीची वही काढायला सांगा आणि रसग्रहण वाचायला लावा. ‘कवयित्री या ओळीत सांगतात’, ‘कवी निसर्गाला साद घालतो’, ‘तुकोबा म्हणतात’. सगळं वर्तमानात. तुकोबा सतराव्या शतकातले, पण अभंगाचा अर्थ उलगडताना ‘तुकोबा म्हणाले’ असं कुणी लिहीत नाही. हे त्यांना कुणी नियम म्हणून शिकवलेलं नसतं, तरी सगळे बरोबर लिहितात. आता फळ्यावर दोन वाक्यं शेजारी लिहा: ‘ज्ञानेश्वरांनी 1290 साली ज्ञानेश्वरी सांगितली’ आणि ‘पसायदानात ज्ञानेश्वर विश्वासाठी मागणं मागतात’. पहिलं वाक्य माणसाच्या आयुष्याबद्दल आहे, ते घडून गेलं. दुसरं ग्रंथाच्या आतलं आहे, आणि ग्रंथ उघडला की ते मागणं दर वेळी नव्याने मागितलं जातं.

इंग्रजीत नेमकं हेच. डॉयलने कादंबरी लिहिली, ती 1890 साली प्रसिद्ध झाली: ‘रोट’, ‘वॉज पब्लिश्ड’. पण मेरी होम्सकडे येते: ‘कम्स’. पुस्तकाबाहेरचं भूतात, पुस्तकातलं वर्तमानात. मी मुलांना सांगते, कादंबरीचं उत्तर म्हणजे इंग्रजीतलं रसग्रहण. कादंबरीवर लिहायचं म्हटलं की त्यांना गोष्ट आठवते, रसग्रहण म्हटलं की बोलण्याची रीतच बदलते.

क्रियापदाचं रूप आणि घड्याळातली वेळ वेगवेगळ्या असू शकतात, हेही एकदा दाखवून द्यावं. ठाण्याच्या फलाटावर उभं राहिलं की लांब कळव्याकडून गाडीचा दिवा दिसतो आणि लोक पिशव्या उचलतात: ‘आली, आली!’ गाडी अजून यायची आहे, रूप मात्र भूतकाळाचं. ‘उद्या मी पुण्याला जाते’ म्हणताना रूप वर्तमानाचं, जाणं उद्याचं. जी भाषा हे सहज पेलते ती बोलणाऱ्या मुलांना कादंबरीतला वर्तमान अवघड जायचं कारण नाही.

‘हॅड’ कुठून येतो

सगळ्यात चिवट बिघाड हाच, म्हणून इथे वेळ द्या.

आपण मराठीत म्हणतो, ‘काल मी दादरला गेले होते.’ हा पूर्ण भूतकाळ. पण ‘गेले होते’ म्हणताना त्यानंतर दुसरं काही घडलं असं आपल्या मनात नसतं. झालं, संपलं, परत आले, एवढाच भाव. मूल याचं इंग्रजी करतं ‘आय हॅड गॉन टू दादर येस्टरडे’. इंग्रजीत मात्र ‘हॅड गॉन’ ऐकलं की ऐकणारा वाट बघतो: कशाच्या आधी? नंतर काय झालं? तिथे साधं ‘वेन्ट’ पुरतं. मराठीतल्या प्रत्येक ‘होतो-होती-होते’ला ‘हॅड’ चिकटवण्याची सवय पाचवी-सहावीपासूनच्या शब्दाला शब्द ठेवणाऱ्या भाषांतरातून लागलेली असते. ती एका तासात जात नाही.

कादंबरीच्या उत्तरात यावर साधा तोडगा आहे. उत्तर वर्तमानात चालू असेल तर ‘हॅड’ची गरज जवळपास पडतच नाही. वरच्या नमुन्यातल्या मेरीचंच बघा. तिचे वडील 3 डिसेंबर 1878ला नाहीसे झाले. 4 मे 1882ला वर्तमानपत्रात तिचा पत्ता विचारणारी जाहिरात आली, तिने उत्तर दिलं, आणि तेव्हापासून दरवर्षी तिला एक मोती मिळतो. मग एक पत्र येतं आणि ती होम्सकडे जाते. आता हे सगळं मेरी होम्ससमोर बसली आहे त्या क्षणावरून बघायचं. ती बसली आहे, सांगते आहे: ‘मेरी टेल्स होम्स’. वडील नाहीसे झाले, त्याची तारीख ठाऊक आहे आणि ते संपलेलं आहे: ‘हर फादर डिसअपिअर्ड इन 1878’. मोती तेव्हापासून आजवर येत राहिले आहेत: ‘शी हॅज रिसीव्ड अ पर्ल एव्हरी इयर सिन्स 1882’. तीन थर, तीन रूपं, आणि ‘हॅड’ एकही नाही.

दोन थरांत गोंधळ झाला तर मी तारीख विचारते. साल किंवा दिवस सांगता येतो? साधा भूतकाळ. तेव्हापासून आत्तापर्यंत असं म्हणता येतं? ‘हॅज’ किंवा ‘हॅव’. ‘सिन्स’ नसलेल्या सालाच्या शेजारी ‘हॅज’ दिसलं की लगेच खोडा; ‘हॅज डिसअपिअर्ड इन 1878’ असं वाक्य इंग्रजीत होत नाही.

‘वॉज गेटिंग अ पर्ल एव्हरी इयर’ ही त्याचीच बहीण. ‘दरवर्षी मिळत होता’ हे मराठीत स्वाभाविक. आपल्या व्याकरणात रीतिभूतकाळ म्हणून वेगळं घर आहे, ‘तो रोज येत असे’. इंग्रजीत नेहमीच्या गोष्टीसाठी ‘वॉज’ अधिक ‘इंग’ चालत नाही. साधा भूतकाळ किंवा ‘यूज्ड टू’. रीतिभूतकाळ हे नाव मुलांना शाळेपासून ठाऊक असतं, त्याचा उपयोग करून घ्या.

वर्तमानात लिहिण्याचा आणखी एक फायदा मुलांना सांगितला की त्यांचे चेहरे उजळतात. अप्रत्यक्ष कथनात काळ मागे सरकवायचा नियम त्यांना नकोसा असतो. पण ‘सेज’, ‘टेल्स’, ‘थिंक्स’ असं सांगणारं क्रियापद वर्तमानात असेल तर आतला काळ सरकवावा लागत नाही, हे ते दहावीपर्यंत शिकलेले असतात. ‘होम्स सेज दॅट द केस इज सिंपल.’ झालं. मराठीत आपण ‘तो म्हणाला की मी येतो’ असं आतलं वाक्य जसंच्या तसं ठेवतो, त्याच्या हे खूप जवळ जातं.

मग ‘हॅड’ कधीच नाही का? आहे ना. उत्तर भूतकाळात लिहायचं ठरवलं असेल तर त्याच्याही आधीचं दाखवायला तो लागतोच, उदाहरणार्थ ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’च्या नायकाबद्दल: ‘फॉग बिलीव्ह्ड दॅट ही हॅड लॉस्ट द बेट.’ भूतकाळात लिहिलेलं उत्तर चुकीचं नसतं. मी वर्तमान सुचवते कारण त्यात सांभाळायच्या गोष्टी कमी आहेत. एकदा निवडलं की शेवटपर्यंत तेच.

ठाण्याचं नाव असलेली कादंबरी

ज्यूल व्हर्नची ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ हीसुद्धा बारावीला आहे, आणि काळ शिकवायला याहून चांगलं साधन मला तरी मिळालेलं नाही. त्यातली एक जागा पाठ्यपुस्तकाच्या पलीकडची असली तरी वर्गात जरूर न्या. दहाव्या प्रकरणात फिलीयस फॉग मुंबईत उतरतो. कथेतली तारीख 20 ऑक्टोबर 1872. तिथे व्हर्न ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग सांगतो: मुंबई सोडली की साष्टी ओलांडून, ठाण्यासमोर मुख्य भूमीवर जाऊन, पुढे सह्याद्री चढून. जुन्या स्पेलिंगमध्ये का होईना, ठाण्याचं नाव तिथे छापलेलं आहे. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी 16 एप्रिल 1853ची, म्हणजे फॉगची गाडी त्यानंतर वीस वर्षं पुरी व्हायच्या आतली. वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात.

आता त्यांना क्रियापदं शोधायला सांगा. सगळी कादंबरी भूतकाळात आहे, पण मार्गाचं हे वर्णन साध्या वर्तमानात येतं. का? कारण फॉगचा प्रवास ही एकदा घडलेली गोष्ट आहे, आणि रेल्वेचा मार्ग लिहिणाऱ्याच्या वेळी तिथे कायम होता. पुढच्या प्रकरणात तर एकाच वाक्यात दोन्ही आहे: गाडी कल्याणला पोहोचली, हे भूतात; तिथून खंडाळा-पुण्याकडे जाणारा फाटा आग्नेयेला उतरतो, हे वर्तमानात. रोज कल्याण लोकलने येणाऱ्या मुलाला ‘नित्य सत्यासाठी साधा वर्तमानकाळ’ हा नियम इथे डोळ्यांना दिसतो. सूर्य पूर्वेला उगवतो, या जुन्या उदाहरणाने तो कधी दिसलेला नसतो.

याच कादंबरीचा शेवट सगळ्यात जास्त उत्तरं बिघडवतो. घटना अशा आहेत: पैज 20 हजार पौंडांची, फॉगने शनिवारी 21 डिसेंबरला रात्री पावणेनऊच्या आत जगाची फेरी पूर्ण करून लंडनच्या रिफॉर्म क्लबमध्ये परतायचं. तो लंडनला पोहोचतो आणि पाच मिनिटं उशीर झाला, पैज गेली, असं समजतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आपला नोकर पासपार्तू याला पाद्र्याकडे पाठवतो, सोमवारच्या लग्नाची व्यवस्था करायला. तिथे पासपार्तूला कळतं की उद्या रविवार आहे. म्हणजे आज शनिवार. तो धावत येतो आणि फॉग शेवटच्या क्षणी क्लब गाठतो. पूर्वेकडे प्रवास करताना दर रेखांशाला चार मिनिटं पुढे जात 360 रेखांशांत पूर्ण 24 तास हाती आलेले असतात.

पण कादंबरी हे याच क्रमाने सांगत नाही. छत्तिसाव्या प्रकरणात क्लबमधली मंडळी घड्याळाकडे बघत वाट पाहतात आणि फॉग दारात उभा राहतो. सदतिसावं प्रकरण मागे जाऊन मधल्या वेळेत काय झालं होतं ते सांगतं. तिथला ‘हॅड’ अगदी योग्य आहे, कारण लेखक खरोखर मागे वळला आहे. मुलं या प्रकरणाचा क्रम आणि ‘हॅड’ दोन्ही उचलतात, त्यात स्वतःची वाक्यं मिसळतात, आणि उत्तराचा चुथडा होतो.

यासाठी वहीच्या पानावर दोन रकाने करा. एकात घडल्याचा क्रम, दुसऱ्यात सांगितल्याचा क्रम. मुलांना दोन्ही भरू द्या. हेच कादंबरीच्या विश्लेषणातलं कथानकरचनेचं शिक्षण आहे, ते वेगळं द्यायची गरज उरत नाही. लेखकाने शेवट आधी दाखवून कारण मागून का दिलं, यावर वर्गात बोला. उत्सुकता ताणण्यासाठी, हे मुलं स्वतः सांगतात. मग उत्तर लिहिताना पहिला रकाना धरायचा: ‘पासपार्तू गोज टू द क्लर्जीमन, लर्न्स दॅट द नेक्स्ट डे इज संडे, रन्स बॅक अ‍ॅन्ड टेल्स हिज मास्टर.’ घडलं त्या क्रमाने लिहिलं की मागे वळावं लागत नाही, मागे वळावं लागलं नाही की ‘हॅड’ लागत नाही. आणि फॉगच्या चुकीच्या समजुतीसाठी ‘हॅज’ किती नेमका बसतो ते दाखवा: ‘फॉग थिंक्स ही हॅज लॉस्ट. इन फॅक्ट, ही हॅज गेन्ड अ डे.’ दिवस मिळून गेला आहे, त्याचा परिणाम आत्ता चालू आहे, आणि त्याला ते ठाऊक नाही. वर्तमान पूर्णकाळाचा अर्थ यापेक्षा स्पष्ट करणारं उदाहरण मला सापडलेलं नाही.

लेखक आणि निवेदकाचं नाव एकच असेल तेव्हा

‘टू सर, विथ लव्ह’ 1959 साली आली. लेखक ई. आर. ब्रेथवेट, आणि लंडनच्या ईस्ट एंडमधल्या शाळेत शिकवणारा निवेदकही ब्रेथवेटच. स्वतःच्या अनुभवावर लिहिलेली कादंबरी आहे ती. इथे मुलांचा काळ घसरतो तो गोष्टीमुळे नाही, दोन माणसांची सरमिसळ झाल्यामुळे. गयानात जन्मलेला, 1959 साली पुस्तक प्रसिद्ध करणारा तो लेखक: त्याच्यासाठी ‘वॉज बॉर्न’, ‘पब्लिश्ड’. वर्गात पाऊल टाकणारा, मुलांना ‘मिस’ आणि ‘सर’ म्हणायला शिकवणारा तो निवेदक: त्याच्यासाठी ‘एन्टर्स’, ‘टीचेस’. उत्तरात ‘द नॅरेटर’ हा शब्द वापरायची सवय लावा, गोंधळ बराच कमी होतो.

गोष्टीच्या आत गोष्ट असेल तिथेही हाच विचार. ‘द साइन ऑफ फोर’च्या शेवटी जोनाथन स्मॉल 1857च्या आग्र्याची हकिगत सांगतो. त्याचं सांगणं कादंबरीच्या आत्ताचं, म्हणून ‘टेल्स’. त्याने केलेली चोरी जुनी, म्हणून ‘स्टोल’. एका वाक्यात दोन काळ आले तरी ती चूक होत नाही, हेही मुलांना सांगावं लागतं. काळ बदलू नका, असा धाक घातलेली मुलं इथे ‘स्मॉल टेल्स दॅट ही स्टील्स’ असं लिहून बसतात.

कादंबरीच्या इतिहासाचे प्रश्न, म्हणजे कोणी काय कधी लिहिलं, ते सगळे पुस्तकाबाहेरचे. साधा भूतकाळ, विचार करायचाच नाही. ‘तुम्ही पासपार्तू आहात असं समजून डायरी लिहा’ असा प्रश्न आला तर रसग्रहण बाजूला ठेवा. डायरीत दिवसभराचं भूतात आणि मनातलं वर्तमानात, आपण खरी डायरी लिहितो तसंच.

तरीही रेघा थांबत नसतील तर

क्रियापदांची रांग उतरवूनही फरक पडला नाही, तर दोन शक्यता तपासा.

पहिली, मुलाला क्रियापदांची रूपंच येत नसतील. तोंडी विचारा: स्टील, ब्रेक, राइट, चूज. ‘स्टोल-स्टोलन’ला अडखळला तर त्याची अडचण खरंच रूपांची आहे. अशा मुलाला रसग्रहणाच्या गोष्टी सांगून उपयोग नाही, आधी त्याच्याकडून रोज थोडी रूपं पाठ करून घ्यावी लागतील. ही मुलं बहुतेक वेळा ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’मध्येही चुकतात, त्यामुळे ओळखू येतात.

दुसरी शक्यता गाईडची. दोन गाईडमधून पाठ केलेली उत्तरं मूल एकत्र शिवतं, एक वर्तमानातलं, एक भूतातलं, आणि शिवण दिसते तिथे काळ बदलतो. ओळखायची खूण सोपी आहे: काळ बदलतो तिथेच शब्दांची पातळीही बदलते, साध्या वाक्यांनंतर एकदम ‘एक्झेम्प्लिफाइज’सारखा शब्द येतो. असं उत्तर दिसलं की दुरुस्त करत बसू नका. मुलाची वही बंद करा आणि विचारा, मेरी तुला कशी वाटली? मराठीत सांग. तो जे तीन-चार वाक्यांत बोलेल, तेच त्याला इंग्रजीत लिहायला बसवा. शब्द साधे असतील, ‘ब्रेव्ह’, ‘गुड’, ‘काम’, आणि पहिल्या खेपेला 50 शब्द भरणारही नाहीत. तेवढ्यावर थांबा, आणि पुढच्या तासाला त्याच उत्तरात एक ‘बिकॉज’ घालायला सांगा.